रिलेवर छापलेले १० अँपिअर नेमके कशाचे?

इलेक्ट्रॉनिक्सचा थोडाफार नाद असलेल्या कुणाच्याही खोक्यात तो छोटा निळा रिले हमखास सापडतो. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. एक, १० अँपिअर २५० व्होल्ट एसी. दुसरी, १० अँपिअर ३० व्होल्ट डीसी. पहिली ओळ वाचून आपण खूश होतो, कारण १० गुणिले २५० म्हणजे २५०० वॉट. एवढ्यात जवळजवळ काहीही चालवता येईल असं वाटतं. दुसऱ्या ओळीकडे सहसा कुणी बघत नाही. बघितलं तर प्रश्न पडायला हवा. रिले तोच, कॉन्टॅक्ट तेच, करंटही तेवढाच. मग एसीला अडीचशे व्होल्ट चालतात आणि डीसीला तीसच कसे?

या एका प्रश्नाचा उलगडा झाला की रिलेच्या बाकीच्या बऱ्याच मर्यादा आपोआप समजू लागतात.

रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याची रचना साधी आहे. तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्यात लोखंडी गाभा, समोर स्प्रिंगने मागे धरलेली लोखंडी पट्टी, आणि त्या पट्टीबरोबर हलणारा एक कॉन्टॅक्ट. कॉइलमध्ये करंट गेला की पट्टी ओढली जाते आणि कॉन्टॅक्ट एका बाजूचा सुटून दुसऱ्या बाजूला टेकतो. करंट बंद झाला की स्प्रिंग पट्टीला मागे नेते. छोट्या रिलेत उघड्या कॉन्टॅक्टमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. हे अंतर लक्षात ठेवा, पुढचा सगळा खेळ त्याच फटीत चालतो.

करंट वाहत असताना कॉन्टॅक्ट सुटू लागतात तेव्हा टेकलेला भाग कमी कमी होत शेवटी एखाद्या टोकावर येतो. सगळा करंट त्या टोकातून जातो, तिथला धातू वितळतो, आणि तो वितळलेला पूल तुटला की तिथली हवाच करंट वाहून न्यायला लागते. ही आर्क. ती पेटली की कॉन्टॅक्ट उघडलेले दिसत असले तरी सर्किट तुटलेलं नसतं. आर्कचं तापमान हजारो अंशांत असतं आणि ती जितकी टिकेल तितका धातू खाते.

आता एसी आणि डीसीतला फरक बघा. ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. म्हणजे आर्क कधीही पेटली तरी जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांत करंट शून्यावर येऊन ती विझते, आणि तोवर फट पुरेशी उघडलेली असेल तर पुन्हा पेटत नाही. आर्क विझवण्याचं निम्मं काम वीज स्वतःच करते. डीसीत असं शून्य कधी येत नाही. आर्क तुटायची तर फट एवढी लांब व्हायला हवी की तिला तगवायला लागणारं व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा जास्त होईल. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत हे तीस व्होल्टांच्या आसपास जमतं, त्याच्या फार वर जमत नाही.

चांदीच्या कॉन्टॅक्टमध्ये आर्क तगायला साधारण १२ व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट लागतो. दोन्हीपैकी एक गोष्ट त्याखाली असेल तर आर्क धड टिकत नाही. म्हणून ५ व्होल्टांच्या सर्किटमध्ये रिले वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतो. दुसऱ्या टोकाला, १० अँपिअरच्या एका नेहमीच्या औद्योगिक रिलेची डीसी क्षमता ३० व्होल्टला १० अँपिअर, ११० व्होल्टला ०.३ अँपिअर आणि २२० व्होल्टला ०.१२ अँपिअर अशी दिलेली असते. व्होल्टेज चौपटही झालं नाही, आणि करंटची मर्यादा तिसाव्या हिश्श्यावर आली. चांगल्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, याचा आलेख असतो. डीसीवर काम करायचं असेल तर पहिल्या पानापेक्षा तो आलेख आधी उघडावा.

४८ व्होल्टांच्या बॅटरीवर हा निळा रिले लावणारे बरेच दिसतात. काही दिवस तो चालतोही. सौर पॅनेलच्या काही शे व्होल्टांच्या डीसीवर मात्र असं काही करू नये. तिथे आर्क विझलीच नाही तर रिलेची पेटी आतून जळते. त्यासाठी वेगळे डीसी कॉन्टॅक्टर (मोठ्या लोडचे रिले) मिळतात. त्यांत चुंबक लावून आर्क बाजूला खेचून लांबवतात, किंवा कॉन्टॅक्टची कुपी वायूने भरून सीलबंद करतात. यातल्या काहींवर अधिक-उणे खुणाही असतात, कारण करंट उलट्या दिशेने गेला तर चुंबक आर्कला चुकीच्या बाजूला ढकलतो.

वाहणं वेगळं, जोडणं वेगळं, तोडणं वेगळं

रिलेची मर्यादा ही एक संख्या नाही, तीन संख्या आहेत. टेकलेल्या कॉन्टॅक्टमधून सतत किती करंट जाऊ शकतो, कॉन्टॅक्ट टेकताना किती करंट सोसतो, आणि सुटताना किती करंट तोडू शकतो. पाठीवर छापलेले १० अँपिअर हे बहुतेक वेळा शुद्ध रेझिस्टिव्ह लोडसाठी (लोड म्हणजे रिलेने चालवायचं उपकरण) असतात, म्हणजे हीटरच्या तारेसारख्या, ज्यात सुरुवातीचा, चालू असतानाचा आणि तोडतानाचा करंट जवळपास सारखाच असतो. माझ्या मते रिलेबद्दलचे बहुतेक गैरसमज इथेच जन्मतात. रिले करंट वाहताना क्वचित मरतो. तो मरतो जोडताना आणि तोडताना.

वाहण्याचा भाग थोडक्यात आटोपतो. तिथे शत्रू फक्त उष्णता. कॉन्टॅक्टचा रोध १० मिलिओहम असेल तर १० अँपिअरला तिथे १ वॉट उष्णता तयार होते. कॉन्टॅक्ट खराब होऊन हाच रोध १०० मिलिओहम झाला तर १० वॉट. एवढ्याशा बंद पेटीत १० वॉट म्हणजे प्लास्टिक मऊ पडण्याची तयारी. तयार मॉड्यूलवर, म्हणजे रिले आधीच बसवलेल्या बोर्डावर, तर रिलेआधी बोर्डावरची तांब्याची पातळ रेघ आणि स्क्रू टर्मिनलच तापतात. म्हणून रिले १० अँपिअरचा असला तरी मॉड्यूल १० अँपिअरचं असेलच असं नाही. आणखी एक गोष्ट : कॉइल बंद असताना जो कॉन्टॅक्ट टेकलेला असतो, त्याच्यावर फक्त स्प्रिंगचा दाब असतो. तो दाब चुंबकाच्या दाबापेक्षा कमी, म्हणून अनेक रिलेंत त्या बाजूची क्षमताही कमी लिहिलेली असते.

टेकतानाचा तडाखा

कॉन्टॅक्ट टेकतात तेव्हा ते एकदाच टेकून थांबत नाहीत. फरशीवर टाकलेल्या चेंडूसारखे ते दोन-चार वेळा उसळतात, काही मिलिसेकंद. प्रत्येक उसळीला छोटी आर्क, थोडा वितळलेला धातू, आणि त्या वितळलेल्या धातूवर पुन्हा टेकणं. नेमक्या या क्षणी करंट जास्त असेल तर वितळलेला धातू थिजून दोन्ही कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात. वेल्डच होतात म्हणा ना.

आणि नेमक्या याच क्षणी करंट जास्त असतो. तारेच्या जुन्या दिव्याची थंड तार गरम तारेच्या दहाव्या ते पंधराव्या हिश्श्याएवढाच रोध देते, म्हणून दिवा लावताक्षणी करंट दहा-पंधरा पट. मोटर जागची हलेपर्यंत पाच ते आठ पट करंट खेचते, आणि तोही क्षणभर नव्हे, फिरायला लागेपर्यंत. ट्रान्सफॉर्मर एसीच्या नको त्या क्षणी जोडला गेला तर त्याचा गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, आणि करंट त्याहूनही वर जातो.

एलईडी दिवे यातले सगळ्यांत फसवे. दहा वॉटचे दहा दिवे म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम अर्धा अँपिअर. १० अँपिअरच्या रिलेला हे काहीच नाही असं कुणालाही वाटेल. पण प्रत्येक दिव्याच्या ड्रायव्हरमध्ये एक रिकामा कपॅसिटर बसलेला असतो. एसी शिखरावर असताना, म्हणजे ३२५ व्होल्टांच्या आसपास, रिले जोडला गेला तर तो कपॅसिटर क्षणभर शॉर्ट सर्किटसारखा वागतो. करंट नेहमीच्या कित्येक पट होतो, भले मिलिसेकंदाच्या अंशभरच. दिव्यांची संख्या वाढली की हे तडाखे एकत्र येतात, आणि उसळणाऱ्या कॉन्टॅक्टला तेवढं पुरतं. 'लोड तर काहीच नव्हता, तरी रिले चिकटला' ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. मोबाइलच्या चार्जरपासून संगणकाच्या पॉवर सप्लायपर्यंत सगळ्यांचं हेच.

यासाठी वेगळं मानांकन असतं, ते शोधावं. काही रिलेंवर टीव्ही-५, टीव्ही-८ अशी खूण दिसते. टीव्ही-५ म्हणजे ५ अँपिअरचा तारेच्या दिव्याचा लोड, ज्यात सुरुवातीचा तडाखा ७८ अँपिअरपर्यंत जातो, तो हा कॉन्टॅक्ट सोसतो. कॉन्टॅक्टचा धातूही महत्त्वाचा. चांदी-निकेल साध्या कामाला ठीक. तडाख्याच्या लोडला चांदी आणि टिन ऑक्साइडचं मिश्रण बरं, कारण ते सहज चिकटत नाही. काही रिलेंत टंगस्टनचा एक जादा कॉन्टॅक्ट असतो. तो आधी टेकतो, पहिला तडाखा स्वतःवर घेतो, आणि मग मुख्य कॉन्टॅक्ट टेकतो. मोठ्या कॉन्टॅक्टरवर याच भेदासाठी एसी-१, एसी-३ असे वर्ग छापतात. एसी-१ म्हणजे हीटरसारखा लोड, एसी-३ म्हणजे मोटर. मोटरसाठी ९ अँपिअरचा असलेला कॉन्टॅक्टर हीटरसाठी २५ अँपिअरचा असू शकतो. वस्तू तीच, संख्या दोन, आणि दोन्ही खऱ्या.

तोडताना कॉइलवाले लोड काय करतात

मोटर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, दुसऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइल, या सगळ्यांत चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. कॉन्टॅक्ट उघडला तरी अशा लोडमधला करंट एकदम थांबायला तयार नसतो. तो वाहत राहण्यासाठी लोड स्वतःच व्होल्टेज वाढवतो, अगदी शेकडो किंवा हजार व्होल्टांपर्यंत. परिणामी १२ किंवा २४ व्होल्टांच्या सर्किटमध्येही झणझणीत आर्क पेटते. म्हणून रेझिस्टिव्ह लोडला १० अँपिअर लिहिणाऱ्या छोट्या रिलेच्या डेटाशीटमध्ये खाली इंडक्टिव्ह, म्हणजे अशा कॉइलवाल्या, लोडसाठी ३ किंवा ५ अँपिअर अशी ओळ सापडते. सापडली नाही तर मी तरी छापील संख्येच्या तिसऱ्या हिश्श्यावर समाधान मानतो.

उपाय लोडजवळ करायचा, रिलेजवळ नव्हे. डीसीच्या कॉइलवर उलटा डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा भाग) लावला की साठलेली ऊर्जा त्यातूनच फिरून संपते. एसीला डायोड चालत नाही. तिथे व्हॅरिस्टर (व्होल्टेज जास्त वाढलं की करंट जाऊ देणारा भाग), किंवा रोध आणि कपॅसिटर मालिकेत जोडलेला स्नबर. स्नबर कॉन्टॅक्टवरच आडवा टाकायची पद्धतही आहे, पण तिच्यात एक खोच आहे. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला साधारण ७ मिलिअँपिअर करंट सोडतो. रिले बंद असतानाही. हीटरला याचा पत्ताही लागत नाही, एलईडी दिवा मात्र रात्रभर मंद पेटत राहतो किंवा मधूनमधून लुकलुकतो. कपॅसिटर एक्स-२ वर्गाचाच, म्हणजे घरच्या विजेवर थेट लावण्यासाठी बनवलेला, घ्यावा. साधा कपॅसिटर बिघडला तर शॉर्ट होऊ शकतो.

डीसीत आणखी एक गंमत घडते. करंटची दिशा कायम एकच असल्यामुळे आर्क धातू उचलते तो एकाच कॉन्टॅक्टवरून आणि नेऊन ठेवते दुसऱ्यावर. हळूहळू एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ तयार होतं, आणि एखाद्या दिवशी टेंगूळ खड्ड्यात अडकतं. वेल्ड न होताही रिले उघडत नाही. टिचकी मारली की सुटतो, म्हणून लोक त्याला 'लूज कनेक्शन' समजतात.

किती वेळा?

डेटाशीटमध्ये आयुष्याच्या दोन संख्या असतात. यांत्रिक आयुष्य एक कोटी वेळा, विद्युत आयुष्य एक लाख वेळा, हे सर्वसाधारण प्रमाण. पहिली संख्या लोड नसतानाची आहे, म्हणजे स्प्रिंग आणि पट्टी किती हलू शकतात याची. कामाची ती दुसरी. एक लाख खूप वाटतात, पण दर मिनिटाला एकदा चालू-बंद होणाऱ्या तापमान नियंत्रकात दिवसाला १४४० वेळा होतात, म्हणजे पूर्ण लोडवर ६९ दिवसांत लाख संपले. दर दहा सेकंदांनी होत असेल तर बारा दिवसांच्या आत. अशा कामाला सॉलिड स्टेट रिले, म्हणजे अर्धवाहकाने करंट चालू-बंद करणारा, घ्यावा. त्याला कॉन्टॅक्टच नाहीत, त्यामुळे झिजायचं काही नाही. पण त्याच्यावर १ ते दीड व्होल्ट पडतात, म्हणजे १० अँपिअरला दहा-पंधरा वॉट उष्णता. हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) भागत नाही.

करंट कमी केला तर मेकॅनिकल रिलेचं आयुष्य वाढतं, कधी कधी बरंच. निम्म्या लोडवर चालवणं हा जुन्या लोकांचा ठोकताळा आजही चांगला आहे.

मात्र करंट फार कमी असणंही वाईट, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. चांदीवर हवेतल्या गंधकाने काळपट थर धरतो. मोठ्या करंटच्या छोट्या आर्कने तो जळून जातो, कॉन्टॅक्ट स्वच्छ राहतो. त्याच रिलेतून सेन्सरचा एखादा मिलिअँपिअरचा सिग्नल नेला तर थर फोडायला शक्तीच नसते. सिग्नल कधी जातो, कधी जात नाही. म्हणून पॉवर रिलेच्या डेटाशीटमध्ये किमान लोडही दिलेला असतो, उदाहरणार्थ ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर. सिग्नलसाठी सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट घ्यावेत. आणि अशा कॉन्टॅक्टने एकदा जरी मोठा लोड तोडला तर मुलामा उडून जातो. त्यानंतर तो सिग्नलच्या लायकीचा राहत नाही.

कॉइलच्याही मर्यादा असतात

५ व्होल्टांच्या निळ्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची. म्हणजे ७१ मिलिअँपिअर लागतात. मायक्रोकंट्रोलरची (प्रोग्राम चालवणाऱ्या छोट्या चिपची) पिन एवढं देऊ शकत नाही, म्हणून मधे ट्रान्झिस्टर हवा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचं कमी जणांना ठाऊक असतं. पट्टी ओढली जाण्याची हमी असते ७५ टक्के व्होल्टेजला, म्हणजे ३.७५ व्होल्टला, पण ही हमी २० अंश तापमानाची. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. कॉइल ७० अंशांवर गेली की ७० ओहमचे जवळपास ८४ होतात आणि पट्टी ओढायला ४.५ व्होल्टांच्या आसपास लागतात. आता मधे यूएलएन२००३ सारखी डार्लिंग्टन चिप (ट्रान्झिस्टरच्या जोड्यांची) असेल तर ती स्वतःच ०.८ ते ०.९ व्होल्ट खाते. कॉइलला उरतात ४.१. थंड असताना सगळं सुरळीत, तापल्यावर रिले नुसता कुजबुजतो.

हा दोष पकडायला त्रास देतो, कारण एकदा ओढली गेलेली पट्टी फार कमी व्होल्टवरही धरून राहते. चालू रिले चालूच राहतो. बंद करून पुन्हा लावला की रुसतो. त्याहून वाईट म्हणजे कमी व्होल्टला पट्टी दमाने ओढली जात नाही, कॉन्टॅक्टवर दाब कमी पडतो, उसळ्या वाढतात, आणि गोष्ट चिकटण्यापर्यंत जाते. दोष कॉइलच्या बाजूचा, पण मेलेला दिसतो कॉन्टॅक्ट.

रिलेच्या स्वतःच्या कॉइलवरच्या डायोडचीही एक बाजू आहे. ट्रान्झिस्टर वाचवायला तो हवाच. पण कॉइलमधला करंट डायोडमधून फिरत हळूहळू संपतो, म्हणून पट्टी सुटायला काही पट जास्त वेळ लागतो आणि कॉन्टॅक्ट सावकाश उघडतात. सावकाश उघडणं म्हणजे लांबलेली आर्क. लोड जड असेल तर डायोडबरोबर मालिकेत झेनर डायोड (ठरावीक व्होल्टेजच्या वर उलटा करंटही जाऊ देणारा) घालावा. करंट लवकर संपतो आणि कॉन्टॅक्ट झटक्यात सुटतात. ट्रान्झिस्टर मात्र तेवढं जास्तीचं व्होल्टेज सोसणारा हवा.

दोन समज, जे महागात पडतात

पहिला : दोन कॉन्टॅक्ट समांतर जोडले की क्षमता दुप्पट. वाहण्याची थोडी वाढते, तोडण्याची अजिबात नाही. दोन्ही एकाच क्षणी कधीच उघडत नाहीत, जो मागे राहतो त्याच्या वाट्याला पूर्ण आर्क येते. डीसीत मात्र दोन कॉन्टॅक्ट मालिकेत जोडण्याचा खरोखर फायदा होतो, कारण फट दुप्पट होते.

दुसरा : डेटाशीटमध्ये ४००० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे भरपूर सोसतो. ही संख्या कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्यामधल्या इन्सुलेशनच्या एका मिनिटाच्या चाचणीची आहे. उघड्या कॉन्टॅक्टच्या दरम्यानची संख्या याहून खूप कमी, बहुतेकदा ७५० किंवा १००० व्होल्ट, आणि तीही चाचणीचीच, चालू करंट तोडण्याची नव्हे. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीवर विसंबून समोरच्या तारांना हात लावू नये. 'रिले बंद आहे' म्हणजे 'वीज बंद आहे' असं नसतं.

सर्किट ब्रेकरही रिलेला वाचवायला बसवलेला नसतो, तो तारांना वाचवतो. शॉर्ट झाल्यावर ब्रेकर पडेपर्यंत जो करंट जातो तेवढ्यात छोट्या रिलेचे कॉन्टॅक्ट सहज चिकटून जातात. म्हणून शॉर्ट काढल्यावर रिले तपासल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

पॉवर रिले मरतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेतच अडकतो, आणि सॉलिड स्टेट रिलेचं तर बहुतेक वेळा तसंच होतं. दिवा जळत राहिला तर फार बिघडत नाही. हीटर, पंप किंवा चार्जर असेल तर मायक्रोकंट्रोलर 'बंद' म्हणत राहतो आणि पाणी उकळत राहतं. तिथे त्याच तारेत मालिकेत एक स्वतंत्र थर्मल कटऑफ किंवा लेव्हल स्विच लागतो, जो त्या रिलेचं आणि त्या प्रोग्रामचं काहीही ऐकत नाही. यंत्रांच्या सुरक्षेसाठी असे रिले मिळतात ज्यांचे सगळे कॉन्टॅक्ट एकमेकांशी यांत्रिक दांड्याने बांधलेले असतात. एक चिकटला तर विरुद्ध बाजूचा मिटूच शकत नाही, आणि त्या न मिटलेल्या कॉन्टॅक्टवरून कंट्रोलरला कळतं की रिले अडकला आहे. निळ्या रिलेत ही सोय नाही. तिथे लोडच्या बाजूला करंट सेन्सर लावून 'बंद' सांगितल्यावर करंट खरंच थांबला का, ते तपासावं लागतं.